प्रभुसेवक आल्चिदे दे गास्पेरी : हुकूमशाही गेल्यानंतरची वाट



१५ ऑगस्टला आपण मरिया मातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन एकत्र साजरा करतो. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, एका प्रापंचिक ख्रिस्ती माणसाची पुण्यतिथी येते. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. संतांच्या नामावलीत ते अजून गेलेले नाहीत. ख्रिस्तसभेने त्यांना प्रभुसेवक ही पहिल्या पायरीची पदवी तेवढी दिलेली आहे. मठात राहणारे तपस्वी किंवा दूरदेशी जाणारे मिशनरी ते नव्हते. ते राजकारणी होते. राजकारणी म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आल्चिदे दे गास्पेरी यांचे चरित्र या अंकात थोड्या विस्ताराने द्यावे असे आम्ही ठरवले.

मुसोलिनीची वीस वर्षांची हुकूमशाही कोसळल्यावर इटली देश ज्यांच्या हाती आला ते हे गृहस्थ. १० डिसेंबर १९४५ पासून १९५३ च्या उन्हाळ्यापर्यंत ते पंतप्रधान होते. लागोपाठ आठ मंत्रिमंडळे त्यांनी चालवली. हुकूमशहा पडला त्या दिवसाची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यानंतर देश कसा चालवायचा, जुन्या राजवटीच्या माणसांचे काय करायचे, मत देण्याची सवय मोडलेल्या लोकांना ती पुन्हा कशी लावायची आणि निवडून आलेल्यांनीच उद्या हुकूमशहा होऊ नये म्हणून काय करायचे, हे प्रश्न छायाचित्रांत येत नाहीत. दे गास्पेरी यांची कारकीर्द या प्रश्नांत गेली.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८१ रोजी पिएवे तेझिनो या डोंगरातल्या गावी झाला. हे गाव आज उत्तर इटलीत आहे, पण तेव्हा सगळा त्रेन्तिनो प्रांत ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात होता. घरी इटालियन बोलायचे आणि राज्याची भाषा जर्मन. वडील पोलीस दलात होते, पगार बेताचा. मुलगा हुशार निघाला, व्हिएन्ना विद्यापीठात शिकला आणि १९०५ मध्ये पदवीधर झाला. त्याआधी १९०४ मध्ये इन्सब्रुक शहरात इटालियन भाषेतून कायद्याचे शिक्षण मिळावे या मागणीवरून दंगल झाली, तेव्हा त्याने काही दिवस तुरुंगही पाहिला. पुढे त्रेन्तोच्या एका कॅथोलिक वृत्तपत्राचे संपादकपद त्यांच्याकडे आले आणि १९११ मध्ये ते व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तीन वर्षे त्या संसदेला टाळे होते. सीमेवरच्या हजारो इटालियन भाषिकांना घरे सोडायला लावून ऑस्ट्रियाच्या आतल्या भागात छावण्यांत ठेवले होते. दे गास्पेरी त्यांच्या मदतीसाठी त्या छावण्यांत हिंडत राहिले.

हे थोडे लक्षात ठेवावे. पुढे हा माणूस कॅथोलिकांची प्रचंड बहुसंख्या असलेल्या देशाचा प्रमुख झाला, पण त्याची घडण अल्पसंख्याकांमध्ये झाली होती. आपण मूठभर आहोत, म्हणून बहुसंख्याकांनी कसे वागावे हे आपल्याला चटकन सुचते. आपणच बहुसंख्य असतो तर कसे वागलो असतो, हा प्रश्न स्वतःला कोणी विचारत नाही. दे गास्पेरी यांना तो प्रत्यक्षात सोडवावा लागला.

युद्ध संपले आणि त्रेन्तिनो इटलीत गेला. इटलीतल्या कॅथोलिकांची तेव्हाची स्थिती जरा विचित्र होती. १८७० मध्ये रोम शहर इटलीच्या राजाने जिंकून घेतल्यानंतर, निषेध म्हणून, कॅथोलिकांनी देशाच्या निवडणुकीत भाग घेऊ नये असे व्हॅटिकनने सांगितले होते. ती बंदी पूर्णपणे उठली १९१९ मध्ये. त्याच वर्षी सिसिलीचे फादर लुइजी स्तुर्झो यांनी लोकपक्ष स्थापन केला. म्हणजे लोकशाहीत वागायला शिकण्यासाठी तिथल्या कॅथोलिकांना जेमतेम तीन वर्षे मिळाली, कारण ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. दे गास्पेरी १९२१ पासून लोकपक्षाचे खासदार होते आणि संसदेतल्या गटाचे नेतेही.

इथे त्यांच्या पक्षाचे चुकले, आणि त्यांचेही चुकले. मुसोलिनीला सत्तेच्या खुर्चीत बसवले की तो माणसाळेल, असे त्या वेळी पुष्कळ शहाण्या लोकांना वाटत होते. लोकपक्षाचे मंत्री त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसले. काही महिन्यांतच ते बाहेर पडले, पण तोवर त्या सरकारला प्रतिष्ठा मिळून गेली होती. १९२३ मध्ये मुसोलिनीने निवडणुकीचा कायदा बदलला. ज्या यादीला सर्वांत जास्त मते आणि किमान २५ टक्के मते मिळतील तिला दोन तृतीयांश जागा, असा तो कायदा. लोकपक्षाने त्याला ठाम विरोध करायचे सोडून तटस्थ राहणे पसंत केले. व्हॅटिकनला तंटा नको होता, म्हणून फादर स्तुर्झो यांना पक्षाच्या पदावरून दूर व्हावे लागले आणि १९२४ मध्ये ते परदेशी गेले. त्यांच्या रिकाम्या जागी दे गास्पेरी आले. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचा फॅसिस्टांनी खून केला. देश हादरला. कॅथोलिक आणि समाजवादी एकत्र आले असते तर कदाचित मुसोलिनीला पर्याय उभा राहिला असता. पण पोप अकरावे पायस यांनी समाजवाद्यांशी हातमिळवणी करण्यास जाहीर नापसंती दाखवली आणि ती वाट बंद झाली. १९२६ च्या नोव्हेंबरात सर्व विरोधी पक्ष बरखास्त झाले.

११ मार्च १९२७ रोजी दे गास्पेरी पत्नी फ्रान्चेस्का यांच्यासह आगगाडीने प्रवास करत असताना फ्लॉरेन्स स्थानकावर दोघांना अटक झाली. चोरून देशाबाहेर जाण्याचा प्रयत्न केला, असा आरोप. शिक्षा चार वर्षांची झाली, अपिलात ती अडीच वर्षांवर आली. तुरुंगात प्रकृती ढासळली आणि जुलै १९२८ मध्ये सुटका झाली. घरी दोन लहान मुली, मागे पोलिसांचा पहारा, नोकरी द्यायला कोणी तयार नाही. जर्मन पुस्तकांची भाषांतरे करून ते कसेबसे घर चालवू लागले. त्रेन्तोचे बिशप आणि आणखी काही मित्रांच्या खटपटीने १९२९ मध्ये त्यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात तात्पुरती नोकरी मिळाली. काम होते पुस्तकांची सूची करण्याचे. वय वर्षे ४८. एके काळचा खासदार आणि पक्षाचा प्रमुख आता ग्रंथनामांच्या चिठ्ठ्या लिहीत होता. मुसोलिनीच्या सरकारला हे खुपत होते, पण पोप अकरावे पायस यांनी त्यांना काढले नाही. १९२४ मध्ये ज्यांच्या शब्दाने दे गास्पेरी यांच्या राजकारणाची वाट अडली, त्यांनीच आता त्यांच्या घरची चूल पेटती ठेवली. इतिहासात माणसे अशी सरळ दोन रांगांत उभी नसतात.

ग्रंथालयात ते जवळजवळ चौदा वर्षे होते. टोपणनावाने व्हॅटिकनच्या एका नियतकालिकात परराष्ट्र घडामोडींवर लिहीत. घरात चार मुली झाल्या. रोजच्या मिस्साचा नेम आणि बायबलचे वाचन त्यांनी तुरुंगातून घरी आणले होते, ते सुटले नाही. त्या चौदा वर्षांत ते जुन्या चुकांचा विचार करत असावेत असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून आम्हाला वाटते.

२५ जुलै १९४३ ला राजाने मुसोलिनीला काढून टाकले. ८ सप्टेंबरला इटलीने शरणागती जाहीर केली आणि लगोलग जर्मन सैन्याने रोम ताब्यात घेतले. दे गास्पेरी यांना लपावे लागले. त्यांनी आसरा घेतला तो लॅटरन येथील सेमिनरीत. त्याच इमारतीत समाजवादी नेते पिएत्रो नेन्नीही लपलेले होते, आणि इव्हानोए बोनोमीही. देवावर विश्वास असणारे आणि नसणारे, एकाच छताखाली, एकाच भयाने श्वास रोखून बसलेले. वीस वर्षांपूर्वी जी माणसे एका मेजावर बसू शकली नव्हती, ती आता रेक्टर फादरांच्या पाहुणचारावर एकत्र जेवत होती. जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाले आणि पुढील सरकारांत हेच लोक सोबत बसले. कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती हेही त्यांच्यात आले.

१९४५ च्या अखेरीस दे गास्पेरी पंतप्रधान झाले तेव्हा देश भुकेला होता आणि पूल, रेल्वे, घरे उद्ध्वस्त झालेली होती. त्याहून अवघड होते ते मनांचे. एप्रिलमध्ये मुसोलिनीला गोळ्या घालून त्याचे प्रेत मिलानच्या चौकात उलटे टांगले गेले होते. उत्तरेकडे सूडापोटी हजारो माणसे मारली गेली. त्यांत काही धर्मगुरूही होते.

पहिला प्रश्न राजाचा. मुसोलिनीला सत्ता देणारे आणि वीस वर्षे सांभाळणारे राजघराणे ठेवायचे की काढायचे? हा निर्णय घटना समितीने न घेता थेट लोकांनी मतदानाने घ्यावा, असा दे गास्पेरी यांचा आग्रह होता. त्यांच्या पक्षाच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या, अधिवेशनाने प्रजासत्ताकाच्या बाजूने कौल दिला, तरी मतदारांना मोकळीक ठेवली. दक्षिणेतले त्यांचे निम्मे लोक राजनिष्ठ होते. २ जून १९४६ ला मतदान झाले. देशपातळीवर बायकांनी मत दिले ते पहिल्यांदाच. सुमारे ८९ टक्के मतदारांनी मतदान केले. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख, राजाला १ कोटी ७ लाख. उत्तर एका बाजूला आणि दक्षिण दुसऱ्या बाजूला असा देश मधोमध दुभंगलेला दिसला. नेपल्समध्ये राजाच्या बाजूने दंगल झाली आणि माणसे मेली. राजा उंबेर्तो यांनी न्यायालयाचा अंतिम निकाल येईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला. १२ जूनच्या रात्री मंत्रिमंडळाने राष्ट्रप्रमुखाचे अधिकार दे गास्पेरी यांच्याकडे दिले. राजाने निषेध नोंदवला, पण सैन्याला हाक न देता दुसऱ्या दिवशी तो पोर्तुगालला निघून गेला. यादवी युद्ध टळले. तीन आठवड्यांच्या आत दे गास्पेरी यांनी ते अधिकार सोडले आणि घटना समितीने एन्रिको दे निकोला यांना हंगामी राष्ट्रप्रमुख निवडले. दे निकोला हे दक्षिणेचे आणि मनाने राजाच्या बाजूचे मानले जात. हरलेल्या निम्म्या देशाला आपलासा वाटेल असा माणूस जिंकलेल्यांनी वर बसवला.

दुसरा प्रश्न जुन्या माणसांचा, आणि तो नीट सुटला नाही हे सांगितले पाहिजे. ज्या देशात सरकारी नोकरीसाठी फॅसिस्ट पक्षाचे सभासद व्हावे लागे, तिथे दोषी कोणाला म्हणायचे? १९३१ मध्ये विद्यापीठांच्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली तेव्हा सुमारे बाराशेंपैकी डझनभरांनीच नकार दिला होता. सगळ्यांना काढले तर शाळा, न्यायालये, रेल्वे चालवणार कोण? चौकशीचे काम सुरू झाले आणि रखडले. २२ जून १९४६ ला सार्वत्रिक माफीचा कायदा निघाला. तो मांडणारे न्यायमंत्री होते कम्युनिस्ट तोल्याती. हेतू देश सांधण्याचा होता. पण त्याचा अर्थ लावणारे न्यायाधीश जुन्या राजवटीतलेच होते आणि छळाचे गंभीर गुन्हे केलेली माणसेही त्यातून सुटली. प्रायश्चित्त संस्कारात आपण आधी पाप कबूल करतो, मग क्षमा मिळते. इटलीत कबुलीची पायरी वगळून क्षमा झाली. त्याचा परिणाम लवकरच दिसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जुन्या फॅसिस्टांनी नव्या नावाने पक्ष काढला. १९३० चा फॅसिस्ट काळातला दंडविधानही तसाच चालू राहिला. माफी अजिबात नसती तर काय झाले असते, हे विचारणाऱ्याने उत्तरेतल्या त्या कत्तलीही आठवाव्यात. आम्हाला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही.

परराष्ट्राच्या आघाडीवर अपमान गिळावे लागले. १० ऑगस्ट १९४६ रोजी पॅरिसच्या शांतता परिषदेत ते पराभूत देशाचे प्रतिनिधी म्हणून बोलायला उभे राहिले. भाषण संपल्यावर सभागृह गप्प होते. ते परत जागेवर निघाले तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी हात पुढे केला, एवढेच. तहात इटलीचे प्रांत गेले, वसाहती गेल्या, ३६ कोटी डॉलर भरपाई डोक्यावर आली. लोकशाही सरकारच्या कपाळी पहिली मोठी सही पडली ती हुकूमशहाने ओढवून घेतलेल्या पराभवाच्या कागदावर. नव्या सरकारांचे असे नेहमीच होते. कर्ज मागचा करतो आणि शिव्या पुढचा खातो. त्याच महिन्यांत त्यांनी ऑस्ट्रियाशी एक करार केला. त्यांच्याच प्रांताच्या शेजारी, दक्षिण तिरोलमध्ये, जर्मन बोलणारे लोक इटलीत अडकले होते. मुसोलिनीने त्यांच्या शाळा बंद केल्या होत्या आणि गावांची नावेसुद्धा बदलली होती. या करारान्वये त्यांना त्यांची भाषा, शाळा आणि स्वायत्तता देण्याचे ठरले. अंमलबजावणी पुढे बरीच वर्षे रेंगाळली, तक्रारी झाल्या. तरी तरुणपणी इन्सब्रुकच्या तुरुंगात बसलेल्या मुलाने जे मागितले होते, तेच पंतप्रधान होऊन त्याने दुसऱ्या भाषेच्या लोकांना देऊ केले.

घटना समितीत ५५६ सभासद होते, त्यांत बायका अवघ्या २१. दे गास्पेरी यांच्या पक्षाला २०७ जागा, समाजवाद्यांना ११५, कम्युनिस्टांना १०४. एकट्याच्या जोरावर कोणालाच घटना लिहिता येणार नव्हती. मे १९४७ मध्ये दे गास्पेरी यांनी डाव्या पक्षांना सरकारातून बाहेर काढले. शीतयुद्ध सुरू झाले होते, अमेरिकेची मदत हवी होती आणि मंत्रिमंडळातच रोजचे भांडण होते. योग्य की अयोग्य यावर आजही वाद आहे. पण सरकार वेगळे झाले तरी घटना लिहिण्याचे काम एकत्र चालू राहिले, हे विशेष आहे. सकाळी एकमेकांवर टीका करायची आणि दुपारी कलमांचा मसुदा सोबत बसून करायचा.

त्या समितीतला एक प्रसंग आपल्या वाचकांना आवडेल. २२ डिसेंबर १९४७ रोजी, अंतिम मतदानाच्या दिवशी, जॉर्जो ला पीरा या श्रद्धावंत सभासदाने घटनेच्या आरंभी देवाचे नाव असावे अशी सूचना मांडली. ला पीरा यांना ख्रिस्तसभेने २०१८ मध्ये वंदनीय घोषित केले आहे, यावरून त्यांची योग्यता कळेल. इतर पक्षांतील सभासदांनी अडचण सांगितली. देवाच्या नावावरून मतदान घेतले तर सभागृह दोन तुकड्यांत फुटेल हे पाहून ला पीरा यांनी सूचना मागे घेतली. आपल्या भारताच्या घटना समितीतही १७ ऑक्टोबर १९४९ ला हरि विष्णु कामथ यांनी अशीच सूचना मांडली होती. त्यांनी ती मागे घेतली नाही, मतदान झाले, आणि ४१ विरुद्ध ६८ अशी ती फेटाळली गेली. दोन्ही सभागृहांत श्रद्धावंत माणसे कमी नव्हती.

इटलीची घटना ४५३ विरुद्ध ६२ मतांनी मंजूर झाली आणि १ जानेवारी १९४८ पासून लागू झाली. २७ डिसेंबरला तिच्यावर सह्या झाल्या. राष्ट्रप्रमुख दे निकोला, पंतप्रधान दे गास्पेरी आणि घटना समितीचे अध्यक्ष उंबेर्तो तेर्राचिनी. पहिले जुन्या उदारमतवादी घराण्यातले, दुसरे कॅथोलिक आणि तिसरे कम्युनिस्ट, फॅसिस्टांच्या तुरुंगात आणि स्थानबद्धतेत सतरा वर्षे काढलेले.

१८ एप्रिल १९४८ च्या निवडणुकीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ख्रिस्तसभेने गावोगावी प्रचार केला, अमेरिकेने पैसा आणि धान्य ओतले आणि दे गास्पेरी यांच्या पक्षाला ४८.५ टक्के मते मिळाली. लोकसभेतल्या ५७४ पैकी ३०५ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत. व्हॅटिकनमधल्या आणि पक्षातल्या अनेकांना वाटले, आता कॅथोलिकांचे स्वतःचे सरकार आले. दे गास्पेरी यांनी मात्र उदारमतवादी, प्रजासत्ताकवादी आणि मवाळ समाजवादी अशा तीन छोट्या पक्षांना बोलावून सरकारात घेतले. त्यांची गरज नव्हती. त्यांत चर्चच्या अधिकारावर टीका करणारेही होते. एकट्या कॅथोलिकांचे सरकार झाले तर देश पुन्हा चर्चवाले आणि चर्चविरोधी असा फाटेल, हे त्यांना कळत होते. आपल्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत दोन मते जास्त मिळाली की आपला आवाज किती चढतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली अवघड गोष्ट कळेल.

त्यांच्या सरकारवर डाग नव्हते असे नाही. ऑक्टोबर १९४९ मध्ये दक्षिणेत मेलिस्सा गावी पडीक जमीन कसायला गेलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे मेले. जानेवारी १९५० मध्ये मोदेना शहरात सहा कामगार असेच मारले गेले. लोकशाही सरकारचे पोलीस अजून जुन्याच पद्धतीने बंदूक उचलत होते. मेलिस्सानंतर सरकारला जाग आली. १९५० मध्ये मोठ्या जमीनदारांच्या जमिनी भूमिहीनांना वाटण्याचे कायदे झाले आणि दक्षिणेच्या विकासासाठी वेगळा निधी उभा राहिला. जमीनदार चिडले. ते दे गास्पेरी यांचेच मतदार होते.

आता १९५२ चा प्रसंग. एका धर्मगुरूने तो पॅरिशच्या पत्रिकेत सांगावा का, असे कोणाला वाटेल. आमच्या मते सांगावा. त्या वर्षी मे महिन्यात रोम शहराची निवडणूक होती. ख्रिस्तसभेच्या राजधानीत कम्युनिस्ट महापौर येईल ही भीती पोप बारावे पायस यांना सतावत होती. ती भीती खोटी नव्हती. त्या वेळी पूर्व युरोपात बिशपांना तुरुंगात टाकले जात होते. तेव्हा सर्व कम्युनिस्टविरोधी लोकांची, म्हणजे राजनिष्ठ आणि नवफॅसिस्ट धरून, एक यादी करावी आणि तिच्या शिरोभागी वृद्ध फादर स्तुर्झो यांचे नाव घालावे अशी योजना पुढे आली. फादर रिकार्दो लोम्बार्दी हे नावाजलेले येशूसंघीय प्रवचनकार दे गास्पेरी यांच्या पत्नीला भेटले आणि त्यांनी पोपमहोदयांची इच्छा निक्षून सांगितली.

दे गास्पेरी यांनी ऐकले नाही. ज्या माणसांनी लोकशाही मारली, त्यांच्याच वारसांना तिच्या रक्षणासाठी बोलवायचे हे त्यांना पटणारे नव्हते. १९२२ मध्ये ते एकदा करून झाले होते. त्यांनी आपले म्हणणे लेखी स्वरूपात वर कळवले. फादर स्तुर्झो यांनी माघार घेतली, योजना बारगळली आणि मधल्या पक्षांच्या युतीनेच रोमची निवडणूक जिंकली. जूनमध्ये दे गास्पेरी यांच्या लग्नाला तीस वर्षे झाली. त्याच सुमारास त्यांची मुलगी लुचिया धर्मभगिनी म्हणून आजन्म व्रत घेत होती. कुटुंबासह पोपमहोदयांची भेट मिळावी अशी विनंती त्यांनी केली. ती नाकारण्यात आली. त्यांनी व्हॅटिकनमधल्या इटलीच्या राजदूतांना कळवले की ख्रिस्ती माणूस म्हणून हा अपमान आपण स्वीकारतो, पण पंतप्रधान म्हणून, पदाची शान राखण्यासाठी, या नकाराचे स्पष्टीकरण मागणे भाग आहे. त्यानंतर ते नेहमीप्रमाणे मिस्साला जात राहिले. याविषयी त्यांनी जाहीरपणे एक शब्दही काढला नाही.

याच पोपमहोदयांनी १९४४ च्या नाताळच्या संदेशात लोकशाहीचे मोल जगाला समजावून दिले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ऐहिक कारभाराला स्वतःची स्वायत्तता आहे आणि त्यातले निर्णय प्रापंचिकांनी आपल्या सद्सद्विवेकाने घ्यायचे आहेत, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडली. दे गास्पेरी यांनी ती तेरा वर्षे आधी आचरली आणि त्याची किंमत घरातल्या सणाच्या दिवशी मोजली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आज्ञाधारकपणा आणि विवेक यांच्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. दोन्ही एकाच माणसात, एकाच आठवड्यात कसे राहतात हे या प्रसंगातून जास्त चांगले कळते.

शेवटची निवडणूक १९५३ ची. कमजोर बहुमताने सरकारे पडत राहतील या काळजीने त्यांनी नवा कायदा आणला. ज्या युतीला निम्म्याहून अधिक मते मिळतील तिला ६५ टक्के जागा. विरोधकांनी त्याला लबाडीचा कायदा असे नाव ठेवले आणि १९२३ च्या मुसोलिनीच्या कायद्याची आठवण दिली. ही तुलना पुरती खरी नाही, कारण इथे आधी खरोखरच्या निम्म्या मतांची अट होती. पण ज्याने १९२३ पाहिले त्याने हा रस्ता धरायला नको होता असे आम्हाला वाटते. ७ जूनच्या मतदानाची मोजणी झाली तेव्हा युती ४९.८ टक्क्यांवर अडकली. साठ हजारांपेक्षाही कमी मतांनी ती अट हुकली.  बाद ठरलेल्या मतपत्रिका लाखांनी होत्या आणि त्यांवरून वाद घालायला भरपूर वाव होता. दे गास्पेरी यांनी निकाल मान्य केला. जुलैच्या अखेरीस त्यांच्या नव्या मंत्रिमंडळाला लोकसभेने विश्वास नाकारला आणि ते घरी गेले. हुकूमशाहीनंतर जन्मलेल्या इटलीत दीर्घकाळ सत्तेवर बसलेला प्रमुख मतांनी खाली उतरण्याची ही पहिली वेळ होती.

पुढे एकच वर्ष मिळाले. युरोपच्या देशांनी कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळावे यासाठी ते आधीपासून झटत होते. मे १९५४ मध्ये त्या संघाच्या सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९ ऑगस्ट १९५४ रोजी आपल्या प्रांतातल्या सेल्ला या डोंगरगावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शव आगगाडीने रोमला नेताना वाटेतल्या स्थानकांवर लोक गुडघे टेकून बसले होते.

घटनेत कबूल केलेले संवैधानिक न्यायालय त्यांच्या हयातीत सुरू झालेच नाही. त्यांच्याच पक्षाला त्याची घाई नव्हती. ते १९५६ मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच निकालात त्याने फॅसिस्ट काळातल्या पोलीस कायद्याला हात घातला. त्याचे पहिले अध्यक्ष होते दे निकोला.

आपल्यापैकी जे कोणी रोमच्या यात्रेला जातील त्यांनी शहराच्या कोटाबाहेरील संत लॉरेन्स यांचे महामंदिर जरूर पाहावे. यात्रेच्या बसगाड्या बहुधा चार मोठ्या महामंदिरांवरच थांबतात, तेव्हा मार्गदर्शकाला आधी सांगून ठेवावे लागेल. १९ जुलै १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा पुढचा व्हरांडा कोसळला होता. पडलेलेच दगड वापरून तो पुन्हा उभारला आहे. दे गास्पेरी यांची कबर त्या व्हरांड्यातच आहे, मंदिरात शिरण्याआधी.